अमेरिकन पश्चात्ताप आणि चांगीची दोरी

कार्तिक लागला की खाडीवरचा वारा घरात शिरतो आणि त्याच्याबरोबर बोंबलांचा वास येतो. बांबूच्या मांडवांवर, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले ओले बोंबील उन्हात आक्रसत जातात, आणि त्यांचा वास उशीच्या अभ्र्यापासून देव्हाऱ्यातल्या फुलांपर्यंत सगळ्याला लागतो. मुंबईचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मी लावत नाही. मी रेवदंड्याच्या खाडीकाठी वाढले, त्या वासाशी माझं भांडण नाही. पण तो आला की मला एक हंगाम आठवतो, हंगामाबरोबर एक लोखंडी पेटी आठवते, आणि पेटी आठवली की अंगाचा तिळपापड होतो.

यंदा त्यात एका प्रोफेसरांनी तेल ओतलं. अलिबागच्या एका वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. विषय होता अमेरिकन कादंबरीतील नैतिक पेच आणि त्याची सोडवणूक. मी सर्व्हिसच्या मोटारीने धूळ खात मुद्दाम गेले. प्रोफेसर तरुण होते, कोटावर उपरणं होतं, आणि दर दोन वाक्यांनंतर ते पाण्याचा घोट घेत. अमेरिकन कादंबरीकार माणसाला त्याच्या सदसद्विवेकबुद्धीसमोर एकटं उभं करतो, ते म्हणाले. तिथे समाज नाही, शास्त्र नाही, फक्त तो आणि त्याचं पाप. आणि त्या एकांतातून तो शुद्ध होऊन बाहेर येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी वाजवल्या त्यांतल्या निम्म्यांनी अमेरिकन कादंबरीचं पान उलटलेलं नसेल, पण शुद्ध होऊन बाहेर येणं कोणाला आवडत नाही?

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी बायकांच्या बाजूने उभी राहिले. म्हटलं, “पाप करणारा शुद्ध होतो ते कळलं. ज्याच्याविरुद्ध पाप केलं, तो शेवटच्या प्रकरणात कुठे असतो?”

प्रोफेसर हसले. “बाई, तो दुय्यम पात्रांचा प्रश्न झाला,” ते म्हणाले, आणि पाण्याचा घोट घेतला.

दुय्यम पात्र! परतीच्या मोटारीत मी हा शब्द चघळत बसले. घरी उतरले तर वारा खाडीवरून येत होता आणि बोंबलांचा वास अंगणात उभा होता.

ती पेटी आमच्या घरी आली एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंमुळे. त्या मिशनच्या दवाखान्यात होत्या आणि नाना त्यांना मराठी शिकवत. नाना म्हणजे माझे वडील, इंग्रजी शाळेचे हेडमास्तर. दवाखाना बंद झाला, बाई आगबोटीने मुंबईला आणि तिथून मायदेशी गेल्या, आणि जाताना कादंबऱ्यांनी भरलेली पेटी नानांना देऊन गेल्या. माझं लग्न झालेलं होतं. आमचे हे मुंबईला एका गिरणीच्या कचेरीत होते, पण तिथल्या बिऱ्हाडात पाय पसरायला जागा नव्हती आणि इथे आई गेल्यापासून नाना एकटे होते. म्हणून मी नानांजवळ राहून मुलींच्या शाळेत शिकवत होते.

दिवे लागले की नाना ओटीवर बसत, मांडीवर एक पुस्तक उघडत, आणि डोळे इंग्रजीवर ठेवून तोंडाने मराठीत गोष्ट सांगत. ती त्यांची हातोटी होती. बर्फ पडायला लागला की त्यांचा आवाज हळू व्हायचा. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही ती माणसं ओटीच्या पायरीवर बसून अंग चोरून घ्यायची. त्यांत जोमा तांडेल असायचा. त्याची लहान होडी होती, तो आणि एक गडी अशी दोघांत चालायची. गोष्ट ऐकता ऐकता त्याचे हात फाटलेलं जाळं विणत असायचे. त्याची बायको हिरू आम्हाला मासळी घालायची. विक्री आटोपली की रिकामी पाटी पालथी घालून तीही टेकायची. सुपारीच्या झावळ्या वर सळसळत असायच्या, आत चुलीवर भात असायचा, आणि नाना कुठल्यातरी गोठलेल्या नदीवरून आम्हाला चालवत नेत असायचे.

त्या पेटीतल्या बहुतेक कादंबऱ्या मी नंतर स्वतः वाचल्या आहेत, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे. त्यांचा साचा ठरलेला. सुरुवातीला कोणीतरी काहीतरी करून बसतो. मग पुस्तकाचा मोठा भाग तो झोपत नाही. शेवटी तो एकतर भर देवळात किंवा कोर्टात उभा राहून सगळं सांगतो, किंवा गाव सोडून चालू लागतो, किंवा एखाद्या टेकडीवर सूर्य मावळत असताना मरतो. पाप बाईने केलं असलं तर ती हमखास मरते. पुरुषाने केलं असलं तर तो पश्चिमेला जातो. त्यांच्या पश्चिमेला म्हणे जमीनच जमीन होती. गाव नकोसं झालं की चालू लागायचं, पुढे नवं गाव, नवं नाव. आणि लेखक मागे राहून त्याची पाठमोरी आकृती रंगवत बसतो. त्या गावात सकाळी काय झालं, पाणी कोणी भरलं, ज्या घराची चूल विझली तिथे काय शिजलं, हे सांगायला त्याच्याकडे पान शिल्लक नसतं.

मधला भाग मात्र त्यांना येतो, हे मी कबूल करते. न झोपणारा माणूस त्यांनी खरा लिहिला आहे. घोंगडी अंगावर घेऊनही थंडी न जाणं, दुसऱ्याच्या हसण्यात आपलं नाव ऐकू येणं, हे त्यांना ठाऊक आहे. ते तसं ठाऊक नसतं तर जोमाने नानांची गोष्ट एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडली असती, आणि मी आज इतकी चिडले नसते.

त्या वर्षी भाद्रपदात नामा बुडाला. नामा जोमाच्या होडीवरचा गडी. खाडीच्या तोंडाशी जाळं ओढताना वारा फिरला, दोरी तुटली आणि नामा गेला, असं जोमाने परत येऊन सांगितलं. होडीत दोघंच होते. देह दोन दिवसांनी किनाऱ्याला लागला. कोळीवाडा रडला आणि पुन्हा समुद्रावर गेला, कारण हंगाम थांबत नाही.

ती दोरी नामाच्या बायकोने वळलेली होती. तिचं नाव चांगी. आमच्या वाडीतल्या नारळांची सोडणं ती न्यायची, खाडीच्या चिखलात कुजवायची, बडवून काथ्या काढायची आणि दोरी वळायची. तिच्या हातचा सुंभ म्हणजे डोळे झाकून घ्यावा असा. बाकीच्या घरच्या बायाही वळायच्या, पण मोठ्या कामाची दोरी लोक चांगीकडून घ्यायचे.

नामाचे दिवस झाल्यावर ती आमच्या मागच्या दारी आली. मी नेहमीप्रमाणे तिला सोडणांचा ढीग दाखवला.

“नुको बाय,” ती म्हणाली. “यंदा सोडनं नुको. आता कदीच नुको.”

“का ग?”

तिने दोन्ही हात पुढे केले. काथ्याने चिरलेले, तळव्यावर पांढरे पडलेले हात. “माज्या हातचा सुंभ व्हता तो. माजीच दोरी तुटली. मीच मारला त्याला,” ती म्हणाली.

मी म्हटलं, अग, समुद्राचं कोणी सांगावं. तिला समुद्राचं काही विचारायचं नव्हतं. कुठल्या पेडात काथ्या कच्चा राहिला, कुठे पीळ सैल पडला, हे ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वळून बघत होती. घरात होता तेवढा सुंभ तिने चुलीत घातला. त्या दिवसांत ती मला दिसायची तेव्हा हात पदराखाली असायचे. जेवताना ती हातांकडे बघून थांबते, असं तिची शेजारीण सांगत होती.

आणि अशा वेळी नानांनी एका पुलाची गोष्ट काढली. एक ठेकेदार असतो. तो कुजलेलं लाकूड वापरून पूल बांधतो, पूल पडतो, माणसं मरतात. दोष येतो पुलावरच्या पहारेकऱ्यावर, की त्याने कंदील दाखवला नाही. पहारेकरी तुरुंगात मरतो. ठेकेदार झोपत नाही. शेवटी रविवारी भरल्या देवळात तो उभा राहतो आणि म्हणतो, पूल माझ्यामुळे पडला. लोक बाजूला होऊन त्याला वाट देतात. तो टोपी न घालता बर्फात बाहेर पडतो आणि पश्चिमेच्या रस्त्याला लागतो. नानांनी चष्मा काढून डोळे पुसले.

हिरूने पाटी सरळ केली. “आनि त्या पारेकऱ्याची बायको व्हती ना? तिचा काय झाला?”

नानांनी पुन्हा चष्मा लावून मागची-पुढची पानं चाळली. “तिच्याविषयी पुढे काही नाही,” ते म्हणाले.

हिरू घरी गेली. जोमा बसून राहिला. त्याचे हात जाळ्यात नव्हते. मग तो म्हणाला, “मास्तर, दोरी तुटली न्हाय. मी कापली.”

मी दारात उभी होते. मला स्वच्छ ऐकू आलं.

“जालं खाली कशात तरी अरकला. होरी एका अंगावर आली, पानी आत आला. नामा पान्यात, दोरी धरून. कापली न्हाय तर दोगं जातो. कोयत्यानं कापली मी.” एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडला.

नाना उठून त्याच्याजवळ पायरीवर बसले. माझे वडील वाईट नव्हते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हे मी विसरलेले नाही. पण तो हात त्यांचा होता आणि पुढचे शब्द पुस्तकाचे होते. ते म्हणाले, “जोमा, हे तुला चारचौघांत सांगावं लागेल. गावकीपुढे. त्याशिवाय तू मोकळा होणार नाहीस.”

मी म्हटलं, “नाना, आधी त्याला चांगीकडे जाऊ दे. उठून आत्ता जाऊ दे. ती बाई स्वतःच्या हाताला मारेकरी समजून बसली आहे.”

“चांगीला सांगितलं तर ती दोन घरांतली गोष्ट होईल,” नाना म्हणाले. “सत्य असं कानात सांगायचं नसतं.”

सत्य कानात सांगायचं नसतं! ज्यांना सगळ्या कादंबरीत एकच माणूस दिसतो त्यांना असंच वाटणार. जोमाने माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे. नाना हेडमास्तर होते. मी मास्तरांची मुलगी होते. जोमाने कोणाचं ऐकलं हे सांगायला नको.

कोळीवाड्यात आईच्या, म्हणजे गावदेवीच्या, देवळापुढे गावकी बसते. तिथे नारळ हातात घेऊन जे बोललं ते गावकीचं होतं. मग त्या गोष्टीचा निवाडा गावकी करते आणि दुसऱ्या कोणाला ती काढून बोलता येत नाही. आणि गावकीत बाया बसत नाहीत. ही दोन्ही कलमं किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला ठाऊक होती. नानांनाही ठाऊक होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे बर्फातलं देऊळ होतं, आणि त्या देवळाच्या जागी त्यांनी आईचं देऊळ उचलून ठेवलं. बर्फातल्या देवळात बायकाही बाकांवर बसलेल्या असतात, इथे नसतात, एवढा फरक त्यांच्या ध्यानात आला नाही.

कोजागिरीच्या दुपारी जोमाने नारळ हातात घेऊन सांगितलं. नाना मान देऊन बाजूला बसवलेले पाहुणे म्हणून हजर होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. पाय धुतानाच म्हणाले, “आज मी शेवटचं प्रकरण डोळ्यांनी पाहिलं. पानसुद्धा हललं नाही ग.”

“चांगी कुठे होती?” मी विचारलं.

नाना पाय पुसत राहिले.

चांगी विहिरीवर होती. देवळातून सुटलेल्या पुरुषांच्या तोंडून बातमी आधी इतर बायांना कळली, मग कुजबुज होत होत तिच्यापर्यंत आली. नवऱ्याची दोरी तुटली नव्हती, कापली होती, हे तिला हातात रहाटाची ओली दोरी धरलेली असताना तिसऱ्याच कोणाच्या तरी तोंडून ऐकावं लागलं. ती घागर तिथेच टाकून जोमाच्या घराकडे निघाली. तोपर्यंत निवाडा झाला होता. दोरी कापल्याबद्दल होड्या चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांनी फारसं काही म्हटलं नाही. अशा वाऱ्यात काय करावं लागतं हे त्यांच्या पोटात होतं. पण आधी गावाला खोटं सांगितलं, म्हणून जोमाचं घर वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, पाणी-विस्तव द्यायचा नाही, कामाला हात लावायचा नाही, उंबरा चढायचा नाही. चांगीला दोन पुरुषांनी गल्लीच्या तोंडाशी अडवलं.

“मना बोलायचा हाय त्याच्याशी,” ती म्हणाली.

“आता कोनी बोलायचा न्हाय. गावकीत झाला ते झाला,” ते म्हणाले.

“माजा मानूस गेला ना? मना येकच विचारायचा हाय.”

तिला सोडलं नाही. हे मला हिरूने सांगितलं. ती दाराच्या फटीतून बघत होती, आणि तिनेही दार उघडायचं नव्हतं. असं ते चारचौघांतलं सत्य. ते सगळ्या गावाला मिळालं. ज्या एका बाईला हवं होतं तिला त्याची फक्त आवई मिळाली.

मग बोंबील आले. त्या वर्षी इतके आले की मांडव वाकले. कोळीवाडा सगळा चंदेरी झाला, वर घारी फिरत होत्या, पोरं कावळे हाकत होती, आणि त्या रांगेच्या टोकाला जोमाचा मांडव नुसत्या बांबूंचा उभा होता. एकट्याने जाळं ओढता येत नाही. तो किनाऱ्यालगत छोटं जाळं टाकून जे मिळेल ते आणायचा, आणि हिरू ते घेऊन ओळखीच्या गावांना वळसा घालून लांबच्या पाड्यांवर जायची. पाणी ती आमच्या विहिरीवरून न्यायची. आम्ही गावकीतले नव्हतो, आम्हाला बंदी लागू नव्हती. ऊन असायचं कोवळं, हवा असायची अशी की गाणं म्हणावंसं वाटावं, आणि मला त्या गोड हवेचाही राग येत होता.

एकदा नाना विहिरीजवळच्या अळ्यात जास्वंद लावत होते. हिरूने कळशी भरली, कमरेवर घेतली आणि थांबली. “मास्तर,” ती म्हणाली, “तुमच्या पुस्तकातल्या मानसानं दुसऱ्या दिशी पानी कुठशी आनला?”

नाना मातीचे हात घेऊन उभे राहिले. “तो निघून गेला, हिरू. पश्चिमेला.”

हिरूने मान वळवली. वाडीच्या पलीकडे, सुपारीच्या खोडांमधून, समुद्र दिसत होता. आमच्या पश्चिमेला तेवढंच आहे. कळशीतलं पाणी हिंदकळवत ती गेली.

त्या दिवसापासून नानांनी कुठल्याच गोष्टीचा शेवट सांगितला नाही. शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी आले की पुस्तक मिटत. कोणी विचारलं, मास्तर, पुढे? तर म्हणत, पुढचं मला ठाऊक नाही. मी त्यांच्यावर महिनोन्‌महिने फुरंगटलेली होते, जेवायला वाढताना वाटी आपटत होते. पण हे ऐकलं की वाटी जरा हळू ठेवायचे.

पौषात चांगी मागच्या दारी आली. पदराखालचे हात बाहेर होते. “सोडनं द्या,” ती म्हणाली.

मी ढीग दाखवला. ती निवडत बसली, पूर्वीसारखी, एकेक सोडण अंगठ्याने दाबून. “कोणासाठी वळणार ग?” मी विचारलं.

“माजी हाय,” ती म्हणाली. “मना बगायची हाय.”

काय बघायचं ते तिने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. फाल्गुनात, चैत्रात, कोळीवाड्याच्या वाटेने गेलं की ती दिसायची. माडाला एक टोक बांधून, मागे मागे सरकत दोरी वळणारी. एवढी जाड दोरी मी तिच्या हातची पाहिली नव्हती. जी बाई आपल्या हातांना घाबरली होती ती आता त्यांच्याशी भांडायला उभी राहिली होती, आणि मला तिचं भांडण आवडत होतं.

ज्येष्ठात, आभाळ भरून यायच्या आधी, होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. ज्याची होडी बाहेर राहते तिची पावसाळ्यात फळकुटं होतात. हे काम एका घराचं नाही. भरतीच्या पाण्यावर होडी आणायची, खाली ओंडके घालायचे, पुढे दोरीला सगळा वाडा लागतो, मागे खांदे लागतात, आणि हाळी घालत घालत होडी वर येते. एकेक करून सगळ्यांच्या आल्या. जोमाची पाण्यात राहिली. तो आणि हिरू दोघं तिला खांदा लावून उभे होते, लाट आली की ती हातभर सरकायची आणि लाटेबरोबर परत जायची. वाडा वर उभा राहून बघत होता. आम्हीही तिथे होतो. नानांनी छत्री माझ्या हातात दिली आणि धोतराचा काचा मारून पाण्यात उतरले. म्हाताऱ्या हेडमास्तरांच्या खांद्याने होडी हलत नसते. पण ते उतरले.

तेव्हा चांगी आली. डोक्यावर दोरीचं वेटोळं होतं. ती सरळ पाण्यात गेली, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीला, दोरी बांधली, दोनदा ताण देऊन गाठ बघितली, आणि दुसरं टोक घेऊन वाळूत उभी राहिली.

“चांगे, वालीत परशील,” वरून गावकीचा पाटील ओरडला.

“टाका,” ती म्हणाली. “माज्याकरं तसा बी कोन येतो?”

“त्यानं तुजा मानूस मारला.”

“ते मी बगीन. तुमी इतके महिने बगलात, आता मी बगतो.” आणि ती बायांकडे वळली. “धरा ग. तुमी बी वलता ना सुंभ? धरा. तुटतो का बगू या.”

मग एक म्हातारी पुढे आली, पदर खोचत. तिच्यामागे तिची सून. दोरी वळणाऱ्या बाया एकेक करून वाळूत उतरल्या. ज्या गावकीत बसल्या नव्हत्या त्यांनी तिचा निवाडा मनावर घेतला नाही. मी छत्री वाळूत टाकून दोरी धरली. काथ्या तळव्यात घुसला. हाळी घालायची पुरुषांना सवय. बायांनी घातली तेव्हा ती भलतीच निघाली, पण निघाली. लाट आली, दोरी ताठ झाली, तिच्यातून पाणी पिळून निघालं, ती करकरली. चांगी ओढता ओढता दोरीकडेच बघत होती. पुरुष वर उभेच राहिले, ते शेवटपर्यंत आले नाहीत, हे लिहून ठेवते. होडी तिरकी, कशीबशी, पण भरतीच्या रेषेवर आली.

दोरी तुटली नाही.

चांगीने गाठ सोडली. जोमा होडीला टेकून उभा होता, धापा टाकत. ती त्याच्यासमोर गेली. “काय बोल्ला तो?” तिने विचारलं. “कापलीस तवा. काय बोल्ला?”

जोमाने सांगितलं, “कायच न्हाय बोल्ला. माज्याकरं बगीत व्हता.”

चांगी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दोरी कोपरावर गुंडाळायला लागली.

“चांगे,” जोमा म्हणाला.

“बोलू नुको,” ती म्हणाली. “तुला माफ न्हाय केला. होरी कुजली असती, म्हनून वढली. होरीनं माजा काय केला न्हाय.”

नाना गुडघाभर पाण्यात उभे होते. मला वाटलं ते आता काहीतरी बोलतील, आणि बोलले असते तर मी त्यांना कधीच माफ केलं नसतं. त्यांनी चष्म्यावरचं पाणी पुसलं आणि निमूट वर आले.

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. पेटी माडीवर आहे. प्रोफेसरांचं व्याख्यान झालं त्याच दिवशी वाचनालयाच्या चिटणिसांनी पुस्तकं मागितली होती. नेऊ देत. न झोपणाऱ्या माणसांची पानं कोणीतरी वाचावीत, ती चांगली आहेत. शेवटच्या प्रकरणांचं मात्र मी काही बोलणार नाही.

पुढे कोळीवाड्याने जोमाला परत घेतलं, नारळ फोडून, जसं घेतात तसं. चांगीने घेतलं नाही. तो तिच्या दारावरून जातो तेव्हा मान खाली घालतो आणि ती उठून आत जाते. आज सकाळीच मी पाहिलं. आता बाकीच्यांबरोबर पुरुषही त्याच्या होडीला हात लावतात, पण नाळीला कोणी दोरी बांधत नाही. सगळे थांबतात. दर ज्येष्ठात चांगी आपली दोरी घेऊन येते, बांधते, ओढते, सोडते, आणि एक शब्द न बोलता ती गुंडाळून घरी घेऊन जाते.